बरे वाटू लागल्यावर लिथियम थांबवण्याविषयी
लिथियम हे द्विध्रुवी विकारात, म्हणजे उन्माद (अतिउत्साहाचा झटका) आणि उदासी आलटून-पालटून येणाऱ्या आजारात, मन स्थिर ठेवण्यासाठी दिले जाणारे औषध. सहा महिने मन स्थिर असेल तर ते बंद का करू नये, असा प्रश्न विचारला जातो. ती स्थिरता बहुधा औषधामुळेच टिकलेली असते, आणि ते एकाएकी थांबवल्यास उन्माद पुन्हा उसळण्याचा धोका वाढतो. म्हणून मात्रा कमी करायचीच असेल तर ती मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, कित्येक आठवडे घेऊन, हळूहळू करावी. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातील मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी ज्याचा उन्मादावरील उपयोग दाखवून दिला, ते हे औषध आजही प्रभावी आहे. पण त्याची उपयुक्त आणि घातक पातळी यांत अंतर फार थोडे असल्याने रक्तातील पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉईड यांच्या तपासण्या कधीही चुकवू नयेत. जुलाब-उलट्यांनी किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही पातळी चढू शकते. हात जास्त थरथरू लागले, तोल जाऊ लागला किंवा बोलणे जड झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

झोपेकडे मात्र घरच्यांनीच बारीक लक्ष ठेवावे, असे मला कळकळीने वाटते. जेमतेम तीन तास झोपूनही माणूस पहाटे ताजातवाना उठतो, भराभर बोलतो, एकामागून एक बेत मांडतो, आणि घरच्यांना वाटते, 'चला, उदासी गेली एकदाची'. अनेकदा तीच उन्मादाची सुरुवात असते.