'हीरोज'मधल्या 'कंपनी मॅन' भागाचं परीक्षण: गोष्ट सांगण्यापलीकडे गाडी जात नाही

रिमोटधारी

'हीरोज' (एनबीसी, २००६ ते २०१०) या, अंगी अचाट शक्ती आलेल्या साध्या माणसांच्या मालिकेच्या पहिल्या सीझनमधला १७वा भाग, 'कंपनी मॅन'. २६ फेब्रुवारी २००७ ला अमेरिकेत दाखवला गेला. लेखन ब्रायन फुलर, दिग्दर्शन ॲलन आर्कुश. या एकाच भागावर परीक्षण लिहायचं आहे, पूर्ण मालिकेवर नाही.

पहिला खर्डा अकराशे शब्दांचा झालाय आणि त्यातले नऊशे कथानकातच संपलेत. टेड आणि मॅट टेक्सासमधल्या ओडेसा गावी बेनेट कुटुंबाला घरातच ओलीस धरतात, मग हे होतं, मग ते होतं. उरलेल्या दोनशेत बेनेट झालेल्या जॅक कोलमनचा अभिनय दमदार आणि इफेक्ट्स छान, एवढंच. स्वतःचाच खर्डा वाचवत नाही.

विचारायचं असं की कथानक नेमकं किती सांगावं? शक्तींबद्दल 'इफेक्ट्स छान' सोडून काय लिहितात? फ्लॅशबॅक कृष्णधवल आहेत, त्याला महत्त्व द्यावं की ती नुसती सजावट आहे? आणि मालिका न पाहिलेल्या वाचकाचं काय करायचं?

अर्धविराम

कथानकाला दीडशे शब्द, त्यावर एकही नाही. परीक्षण सातशे-आठशे शब्दांचं ठेवा. दीडशेत बसत नसेल तर तुम्ही घटना सांगताय, पेच सांगत नाही. इथला पेच दोन वाक्यांत मावतो: आपल्यावर कोणी काय प्रयोग केले याचा जाब विचारायला दोन माणसं एका घरात शिरली आहेत. घरच्या कर्त्या पुरुषाने ते प्रयोग केलेत आणि हे त्याच्या घरच्यांना माहीत नाही.

शक्तींबद्दल सांगतो, कारण अशा मालिकांची परीक्षणं तिथेच फसतात. भाग दोनदा बघा. पहिल्यांदा हातात काही न घेता. दुसऱ्यांदा वही घेऊन, पानावर चार रकाने पाडून: वेळ (मिनिट-सेकंद), शक्ती कोणाची, तिचा ठरलेला नियम कोणता, आणि वापरल्यावर किंमत कोणी मोजली. शेवटचा रकाना भरायचा लोक विसरतात आणि परीक्षणाचा माल नेमका त्यातच असतो.

या भागाचं पान साधारण असं भरेल. टेड स्प्रेग शरीरातून किरणोत्सर्ग सोडतो. नियम असा की राग किंवा भीती अनावर झाली की त्याचा ताबा सुटतो. किंमत आधीच्या भागात मोजून झालीय, त्याच्या किरणांनी त्याच्या बायकोला कॅन्सर झाला आणि ती गेली. मॅट पार्कमनला दुसऱ्याच्या मनातलं ऐकू येतं. नियम असा की समोरचा विचार करत असेल तेच ऐकू येणार. बेनेटच्या दत्तक मुलीच्या, क्लेअरच्या जखमा भरून येतात. नियम असा की भरून येतात, पण दुखायचं ते दुखतंच. आणि बेनेटसोबत काम करणारा हैतीचा तो अबोल माणूस आठवणी पुसतो. त्याची किंमत बेनेटच्या बायकोने, सँड्राने मोजली, वारंवार पुसून पुसून तिच्या मेंदूला इजा झाली आणि तिला इस्पितळात न्यावं लागलं.

आता मजा बघा. टेडचा तोल सुटलाय, कोणावर तरी गोळी झाडली जाणार हे उघड आहे. तेव्हा बेनेट तोंडातून चकार शब्द न काढता मनातल्या मनात मॅटला सांगतो: क्लेअरवर झाड. मॅटला ते ऐकू येतं, टेडला नाही. मॅट गोळी झाडतो, क्लेअर पडते आणि थोड्या वेळाने उठते. एका हुकुमात दोन शक्ती वापरल्या गेल्या आणि त्या वापरल्या कोणी, तर ज्याच्याकडे स्वतःची एकही शक्ती नाही त्याने. शिवाय दोन्ही शक्तींचे नियम प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक आहेत, ऐन वेळी खिशातून नवा नियम काढलेला नाही. परीक्षणात हा एक प्रसंग उलगडून दाखवलात तरी 'पटकथा बांधीव आहे' हे वेगळं म्हणायची गरज उरणार नाही.

याच कसोटीने इतर कुठल्याही शक्तिमालिकेचा भाग तपासता येतो. शक्ती काय करू शकते यावर इफेक्ट्सवाल्यांचं पोट चालतं, लेखकाला उपयोगी पडतं ते ती काय करू शकत नाही ते.

कात्रीवाला

अर्धविराम यांच्या रकान्यांत पाचवा घाला: पडदा कुठे काळा होतो.

अमेरिकन नेटवर्कचा तासाभराचा भाग जाहिराती वगळून बेचाळीस-त्रेचाळीस मिनिटांचा असतो. स्ट्रीमिंगवर जाहिरात दिसली नाही तरी तिची जागा दिसते, चित्र क्षणभर काळं होतं. त्या जागांच्या वेळा टिपल्या की भागाचे अंक हाताला लागतात. प्रत्येक अंकाच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात काय अडकवून ठेवलंय ते लिहा. दुबळ्या भागात दरवेळी नुसता धक्का असतो: दार उघडलं, बंदूक दिसली, काळा पडदा. चांगल्या भागात तिथे कोणीतरी निर्णय घेतलेला असतो. धक्के किती आणि निर्णय किती हे मोजा, तो आकडा परीक्षणात चालतो.

दुसरं म्हणजे धागे मोजा. 'हीरोज'च्या भागात एरवी चार-पाच धागे समांतर चालतात: न्यूयॉर्कमध्ये पीटर, लास व्हेगासमध्ये निकी, हिरो आणि आंदो वाटेत कुठेतरी. प्रत्येकाच्या वाट्याला आठ-नऊ मिनिटं, तीही तुकड्यातुकड्यांत. 'कंपनी मॅन'मध्ये बेनेट कुटुंबाचा एकच धागा आहे. यातून काय साधलं? खोलीतून कॅमेरा पळून जाऊ शकत नाही. एरवी अवघड जागी आलं की लेखक कट मारून दुसऱ्या शहरात जातो, ती पळवाट इथे बंद झाली. त्याऐवजी एकच सुटका ठेवलीय, ती फ्लॅशबॅकची. म्हणून कृष्णधवल ही सजावट नाही.

फ्लॅशबॅक नीट लावून बघा. बेनेट ज्या गुप्त कंपनीसाठी शक्तिवाल्यांचा माग काढतो, तिथला त्याचा वरिष्ठ थॉम्पसन नव्या नोकरीत त्याला क्लॉड या सहकाऱ्याशी जोडून देतो. कंपनीचा शिरस्ताच असा की जोडीत एक आपला, एक त्यांचा, म्हणजे एक साधा माणूस आणि एक शक्तिवाला. मग इमारतीच्या गच्चीवर हिरोचा बाप काइतो नाकामुरा तान्ही क्लेअर बेनेटच्या स्वाधीन करतो, बाजूला लहानगा हिरो हातातल्या व्हिडिओ गेममध्ये बुडालेला. मग पुलावर क्लॉडला गोळी घालणं. आणि क्लेअर बापासाठी चष्म्याची फ्रेम निवडते तो प्रसंग. भूतकाळ काळ्या-पांढऱ्यात आणि त्यात भेटणारा माणूस मात्र पक्का करड्या रंगाचा, हा विरोध दिग्दर्शकाने बोलून न दाखवता ठेवलाय. तुम्हीही एका वाक्यात सांगा आणि सोडा, त्यावर परिच्छेद घालू नका.

चष्म्याचं मात्र नक्की लिहा. सतरा भाग प्रेक्षक या माणसाला त्याच्या जाड फ्रेमच्या चष्म्यावरून ओळखतोय, त्याचं पहिलं नावसुद्धा तोवर सांगितलेलं नाही. ज्या वस्तूमुळे तो खलनायक वाटत होता ती पोरीने हौसेने निवडलेली निघते.

शीर्षकाचं भाषांतर करायच्या भानगडीत पडू नका. फार तर एवढंच लिहा की आपल्याकडे 'कंपनीचा माणूस' म्हटलं की जे डोळ्यांपुढे येतं, म्हणजे मालकाशी इमान आणि घरी गप्प, तेच तिथेही अभिप्रेत आहे. बाहेरची पाटी तर साध्या कागदाच्या कंपनीची आहे, प्रायमाटेक पेपर.

भिंगातून

कौतुक पुरे. परीक्षणात एक तरी खोट दाखवावी लागते, नाहीतर वाचक तुम्हाला पंखा समजून सोडून देतो.

पहिली खोट टेडची. बायकोला कॅन्सर होण्याइतका किरणोत्सर्ग अंगातून गळतो, मग त्याच दिवाणखान्यात बराच वेळ बसलेल्या सँड्राला आणि तिच्या मुलाला, लाइलला काहीच कसं होत नाही? किरणोत्सर्गाची मात्रा तीन गोष्टींवर ठरते: स्रोत किती तीव्र, त्याच्यापासून अंतर किती, संपर्क किती वेळ. अंतर निम्मं केलं की तीव्रता चौपट होते. सोफ्यापासून खुर्चीपर्यंतच्या अंतरात कोणी सुरक्षित नसतं. मालिकेच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की शांत असताना तो गळत नाही. पण ओलीसनाट्यात शांत असतो कोण?

आणि शेवटी थॉम्पसनच्या गोळीने जखमी झालेला टेड पेटतो, घर जळतं, क्लेअर आत शिरून त्याला भूल देते, कातडी जळालेली बाहेर येते आणि अंगणात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भरून निघते. दृश्य जबरदस्तच आहे. टेड बेशुद्ध झाल्यावर किरण थांबतात हे नियमात बसतं, कारण ताबा भावनेवर आहे. पण ती इंजेक्शन देईपर्यंत जेवढा किरणोत्सर्ग झाला त्याचं पुढे काय, हा हिशेब कोणी करत नाही. अर्धविराम यांच्याच वहीत किंमतीचा रकाना इथे कोरा राहतो.

दुसरं, लेखक-दिग्दर्शकाची नावं देताना जपून. अशा मालिकेत भाग एकाच्या नावावर असला तरी कथेचा आराखडा लेखकांच्या खोलीत सगळे मिळून ठरवतात, वर टिम क्रिंगसारखा निर्माता असतो. 'फुलरने कुटुंबाचा धागा निवडला' असं ठामपणे लिहू नका. 'फुलरच्या नावावरच्या या भागात' एवढं पुरे.

तिसरं, पुढचं माहीत असल्याचा दर्प नको. दुसरा सीझन लेखकांच्या संपामुळे ११ भागांत आटोपला, मालिका पुढे घसरली, हे सगळं खरं. पण २००७ च्या फेब्रुवारीतल्या भागाला त्याची शिक्षा कशाला?

जाता जाता, मालिका न पाहिलेल्या मराठी वाचकाला ओळख करून देताना मोहिंदर सुरेशचा उल्लेख मोहाने कराल. चेन्नईचा प्राध्यापक, वडील चंद्रा सुरेश. तमिळ पद्धतीत मुलाला आडनाव म्हणून बहुधा वडिलांचं पहिलं नाव लागतं, इथे बापलेक दोघांचंही 'सुरेश', आणि मुलाचं नाव थेट पंजाबी वळणाचं. गंमत आहे खरी, पण तुमच्या भागात त्याचा धागाच नाही. कापा.

अर्धविराम

भिंगातून, टेडचा आक्षेप मान्य. फक्त 'सोफा ते खुर्ची' हे परीक्षणात एका वाक्यापेक्षा जास्त नको, नाहीतर भौतिकशास्त्राची शिकवणी होते.

रिमोटधारी, शेवटच्या प्रसंगाबद्दल राहिलं. पुलावर बेनेट हैतीच्या माणसाला सांगतो की मला गोळी घाल आणि क्लेअर कुठे जाणार ते माझ्या डोक्यातून पुसून टाक. इथे दोन वेगळी कारणं आहेत आणि बहुतेक परीक्षणांत त्यांची खिचडी होते. पोटातली गोळी थॉम्पसनसाठी: मुलगी हिसकावून नेली हे खरं वाटायला हवं. स्मृती पुसणं बेनेटच्या स्वतःच्या विरुद्ध: मनातलं ऐकणारी माणसं असलेल्या जगात जे माहीत आहे ते आज ना उद्या काढून घेतलं जाणार, तेव्हा ते माहीतच नको. शिवाय हे तेच हत्यार आहे जे त्याने वर्षानुवर्षं बायकोवर चालवलं. हैतीच्या माणसाने क्लेअरची स्मृती पुसल्याचं आधी नुसतं भासवलं होतं, म्हणजे तो बेनेटचं सगळंच ऐकतो असंही नाही. हे चार मुद्दे शंभर शब्दांत बसतात. मालिका न पाहिलेल्याला शेवट कळू द्यायचा नसेल तर या परिच्छेदाच्या वर एक ओळ टाका की इथून पुढे शेवट उघड केला आहे. सुरुवातीलाच ती ओळ टाकलीत तर निम्मे वाचक तिथूनच परत जातील.

रिमोटधारी

सगळ्यांचे आभार. रकाने भरले. नवी सुरुवात अशी केलीय:

"बेनेटांच्या दिवाणखान्यात सहा माणसं आहेत आणि एक पॉमेरेनियन. तिघांकडे शक्ती आहे: टेड, मॅट, क्लेअर. तिघांकडे नाही: बेनेट, सँड्रा, लाइल. या अविस्मरणीय भागात खोलीतली प्रत्येक महत्त्वाची हालचाल दुसऱ्या तिघांपैकी एकाच्या डोक्यातून निघते, आणि ते डोकं वाचू शकणारा माणूस समोरच बंदूक घेऊन उभा आहे."

कात्रीवाला

झकास. 'अविस्मरणीय' काढा. आणि सहा माणसांत तीन-तीन हे मोजलंतच आहे तर पुढचंही लिहा: फाइल आणायला बेनेट आणि मॅट दोघंच प्रायमाटेकला निघतात तेव्हा एक आपला, एक त्यांचा ही कंपनीचीच जोडी पुन्हा लागते. फक्त यावेळी ती कंपनीच्या विरोधात असते.

रिमोटधारी

हे सुटलंच होतं. दुसऱ्या परिच्छेदात घेतो. पॉमेरेनियन ठेवू ना?

भिंगातून

ठेवा. नाव मिस्टर मगल्स, 'मिस्टर'सकट.