अँटबर्डला मराठीत काय म्हणायचं?

किडूकमिडूक: अ‍ॅमेझॉनच्या जंगलावरचा लेख मराठीत करतेय, त्यात अँटबर्ड हा पक्षी सारखा येतो. मी मुंगीखाऊ पक्षी लिहिलं तर तपासणाऱ्या बाईंनी काट मारली, म्हणे मुंग्या हे त्याचं मुख्य खाणं नाहीच. मग काय लिहू?

रानभूल: बाई बरोबर आहेत. लष्करी मुंग्यांची फौज निघाली की पाचोळ्यातले नाकतोडे, झुरळं, कोळी जीव घेऊन बाहेर पळतात आणि फौजेच्या पुढे खालच्या फांद्यांवर टपलेले हे पक्षी त्यांना मटकावतात. मुंग्या नुसत्या हाकारे, शिकार यांची.

तत्सम: पिपीलिकानुचर, म्हणजे मुंग्यांमागून जाणारा. एका शब्दात काम.

रानभूल: पक्ष्याचं नाव आहे की समासाचा पेपर?

जुनाखोंड: गायबगळा गाय खातो का? गुरांच्या पायाशी उडणारे किडे खातो, तरी कुणाचं अडलं नाही. तसा हा मुंगीपक्षी. विषय संपला.

तत्सम: संपला कसा? या कुळात २३० च्या वर जाती, त्यातल्या बहुतेक मुंग्यांच्या मागे जातच नाहीत, झुडपांतच किडे टिपतात. शास्त्रीय नाव थॅम्नोफिलिडी, मूळ ग्रीक, अर्थ झुडुपं आवडणारे. नाव द्यायचंच तर झुडुपावरून द्या, इंग्रजांची चूक आपण कशाला गिरवायची?

जुनाखोंड: मग वेड्या राघूला आधी वेड्यांच्या डॉक्टरकडे न्या. नावं अशीच पडतात हो.

रानभूल: पुढची गंमत बघा, अँटश्राइक पण आहे. श्राइक म्हणजे आपला खाटीक पक्षी, मुंगीखाटीक लिहिलंत तर वाचकाला वाटणार मुंग्या कापतो. अँटपिटाचं कूळ वेगळं, पण पिटा म्हणजे नवरंग, आणि हे बिचारे बरेचसे मातकट तपकिरी, मुंगीनवरंग वाचून माणूस रंगच शोधत बसेल.

किडूकमिडूक: अंडरस्टोरीला झाडोरा चालेल ना?

तत्सम: झाडोरा म्हणजे सगळीच झाडी. उंच झाडांखालची झाडी असं सरळ लिहा.

बोरीबाभळी: लष्करी मुंग्या कशाला, मुंगळे म्हणा की. त्यांच्यातल्या सैनिकांचे जबडे केवढे असतात! लहानपणी मला मुंगळा म्हणजे मुंगीचा नवरा वाटायचा.

जुनाखोंड: मुंगळा काळा, मोठा. आमच्याकडे त्यालाच डोंगळा म्हणतात.

बोरीबाभळी: छे, डोंगळा वेगळा.

किडूकमिडूक: अहो, पक्षी राहिला.

जुनाखोंड: वेगळा कसा? दोन्ही गुळालाच चिकटतात.

बोरीबाभळी: चिकटतो तो मुंगळा. डोंगळा कडकडून चावतो, आमची आजी तरी हाच फरक सांगायची.