मदत हवी आहे : पीओवायच्या युस्टर आलेखात दोनशे मीटरची लाट, हा ड्रॉ रेझोनन्स असेल का?

मंडळी, सिल्वासाजवळच्या एका पॉलिएस्टर प्लांटमध्ये प्रोसेसला आहे. 250/48 पीओवाय (अर्धवट ताणलेला धागा, 250 डेनियर म्हणजे 9000 मीटरचं वजन 250 ग्रॅम, त्यात 48 फिलामेंट म्हणजे बारीक तारा), धागा गुंडाळणारा वाइंडर 3200 मीटर/मिनिट, स्पिनरेटचं (वितळलेलं पॉलिमर ज्यातून बाहेर येतं त्या चकतीचं) भोक 0.25 मिमी, मेल्ट 288 अंश. सुरतेच्या टेक्श्चरायझरकडून (हा धागा ताणून-मुरडून फुगवणाऱ्याकडून) तक्रार आली आहे की विणलेल्या कापडात फिकट-गडद पट्टे दिसतात. आमच्या लॅबमध्ये युस्टर यंत्रावर यू% (धाग्याच्या जाडीतला असमानपणा) मर्यादेतच आहे, पण स्पेक्ट्रोग्राम (तो असमानपणा किती लांबीवर पुन्हा येतो ते दाखवणारा आलेख) काढला तर साधारण 200 मीटरवर एक ठसठशीत शिखर दिसतं. तेही एकाच पोझिशनवर (धागा काढण्याच्या एकाच जागी).

पुस्तकात वाचलं की ड्रॉ रेशो (गुंडाळण्याचा वेग भागिले भोकातून निघतानाचा वेग) 20.2 च्या वर गेला की तार आपोआप जाड-बारीक व्हायला लागते, यालाच ड्रॉ रेझोनन्स म्हणतात. आमचा काढला. दर भोकातून मिनिटाला 1.85 ग्रॅम, मेल्टची घनता 1.18 धरली तर भोकातून बाहेर पडतानाचा वेग सुमारे 32 मीटर/मिनिट, म्हणजे रेशो 100. मग ही लाइन चालतेच कशी? साहेबांचं म्हणणं, स्पीड 4500 केला की स्पिनलाइनमध्येच (भोकापासून वाइंडरपर्यंतच्या तारेत) क्रिस्टलायझेशन होईल आणि तार 'बसेल'. पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही.

पॉलिमरप्रेमी :
20.2 हा आकडा खराच आहे, 1960 च्या दशकात कासे-मात्सुओ आणि पिअर्सन-मॅटोविच यांच्या कामातून आलेला. पण त्याच्या अटी बघा : न्यूटनी द्रव (ज्याची स्निग्धता ताणण्याच्या वेगाने बदलत नाही), आणि तापमान सगळीकडे सारखं. तुमची तार 288 अंशावरून निघते आणि मीटरभरात पॉलिमर काचेसारखं कडक होतं त्या तापमानाच्या, म्हणजे 70-80 अंशांच्याही खाली जाते. थंड होताना स्निग्धता इतक्या झपाट्याने वाढते की खालचा भाग ताणायला तयारच नसतो, आणि त्यामुळेच लाइन स्थिर राहते. म्हणून 100 काय, 200 रेशोवरही पीओवाय मजेत चालतो. ड्रॉ रेझोनन्स बघायचा असेल तर पीपीच्या (पॉलिप्रॉपिलीनच्या) मोनोफिलामेंटवाल्यांकडे (एकेरी जाड तार काढणाऱ्यांकडे) जा. डायखाली (तार निघते त्या भोकाखाली) चार बोटांवर पाण्याची टाकी असते, तिथे तो भेटतो.

निवृत्त_मशीनवाला :
थिअरी राहू दे बाजूला, भाऊ. मेल्ट ढकलणारा पंप किती आरपीएमवर आहे?

धागाकर्ता :
16. दर एंडला (धाग्याला) वेगळा पंप.

निवृत्त_मशीनवाला :
मग झालं की! 16 आरपीएम म्हणजे एक फेरा 3.75 सेकंदांत. वाइंडर सेकंदाला 53.3 मीटर खेचतो. गुणाकार करा, बरोबर 200 मीटर. पंपाच्या शाफ्टचा किंवा कपलिंगचा दर फेऱ्याला एक झटका येतोय.

रेझोनन्सचा काळ तार हवेत किती वेळ असते त्यावर ठरतो. ती तुमच्याकडे सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास गोठते, तेव्हा लाट पाच-सहा मीटरची असायला हवी होती. दुसरं म्हणजे, रेझोनन्स प्रत्येक फिलामेंटमध्ये आपापल्या तालावर होतो. 48 जणांची बेरीज केली की तो बराचसा पुसला जातो. पंपाचा झटका मात्र 48 जणांना एकदम बसतो, म्हणून सबंध धाग्यात तो असा लख्ख दिसतो. क्वेंचच्या (तार थंड करणाऱ्या) हवेचा दोष असता तर शेजारच्या पोझिशनही सापडल्या असत्या, आणि शिखर इतकं टोकदार आलं नसतं.

खात्री करायला वाइंडर तसाच ठेवून पंप 15 वर आणा. लाट 213 वर सरकली की पंपच. डेनियर घसरेल, तो माल वेगळा काढा.

पॉलिमरप्रेमी :
4500 बद्दल. पीईटीमध्ये (या पॉलिएस्टरमध्ये) 4000-4500 मीटर/मिनिटच्या पुढे ताणामुळे खरोखर स्पिनलाइनमध्ये क्रिस्टल बनू लागतात, आणि तारेला मानेसारखा एकदम बारीक होणारा भाग दिसतो. पण मग तो पीओवाय उरत नाही. टेक्श्चरायझरला ताणायला, मुरड द्यायला जी ढील लागते ती संपते. 3200 वर तार जवळपास अमॉर्फसच (क्रिस्टल नसलेली) असते, फक्त रेणू बऱ्यापैकी ओळीत लागलेले. डीएससीत (नमुना तापवून उष्णता मोजणाऱ्या चाचणीत) पाहा, कोल्ड क्रिस्टलायझेशनचं (तापवताना क्रिस्टल बनण्याचं) शिखर अमॉर्फस चिपपेक्षा बरंच आधी येईल. घनताही अमॉर्फसच्या 1.335 च्या जवळच, पूर्ण क्रिस्टलच्या 1.455 च्या आसपाससुद्धा नाही. शिवाय पंप दर फेऱ्याला उचकी देतोय, तर स्पीड वाढवून ती उचकी फक्त जास्त लांबीवर पसरेल!

पट्ट्यांचं कारणही यातच आहे. जाड भाग सावकाश थंड होतो, त्यात ओरिएंटेशन (रेणू ओळीत लागणं) कमी भरतं, आणि टेक्श्चरिंगनंतर तो रंग जास्त पितो.

धागाकर्ता :
15 वर चालवला. शिखर 213 ला आलं, शेजारच्या पोझिशन स्वच्छ. मेंटेनन्सने कपलिंग खोललं तर एका बाजूची चावी (शाफ्ट आणि कपलिंग एकत्र फिरवणारा धातूचा तुकडा) झिजलेली, हाताने हलवली तरी खटखट वाजत होती. बदलून आज रात्री पॅकसह (स्पिनरेट आणि गाळणीच्या संचासह) पुन्हा चढवताहेत. आता गोदामातल्या जुन्या बॉबिनचं काय करू?

निवृत्त_मशीनवाला :
त्या पोझिशनचा सगळा माल वेगळा काढा आणि दर बॉबिनचा मोजा विणून डाय टेस्ट (रंगवून पाहण्याची चाचणी) घ्या. जे फसेल ते काळ्या किंवा नेव्ही रंगात वापरणाऱ्याला सांगून विका. आणि बाकीच्या पंपांच्या चाव्याही याच शटडाउनला बघून घ्या, एकाच वेळी बसवलेल्या असतील तर त्याही झिजल्या असणार.