1 किलोहर्ट्झच्या लो-पास फिल्टरला कुठला कपॅसिटर?

प्रश्न: ऑडिओसाठी सॅलन-की फिल्टर (ऑपॅम्प म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर चिपवर चालणारी रचना; इथे 1 किलोहर्ट्झच्या वरचे सूर दाबायला) जोडतोय. रेझिस्टर 16 किलोओहम, कपॅसिटर 10 नॅनोफॅरड. हाताशी एक्स7आर जातीचे सिरॅमिक कपॅसिटर पडलेत. चालतील का?

उत्तर: चालतील, पण मी नाही लावणार. एक्स7आरवरचं व्होल्टेज बदललं की त्याचा कपॅसिटन्सही बदलतो. म्हणजे सिग्नलच फिल्टरला हलवतो आणि डिस्टॉर्शन (सिग्नलची विकृती) वाढतं. वर बोर्डावर टिचकी मारलीत तर ती आउटपुटमध्ये उमटू शकते! 10 नॅनोफॅरडमध्ये सी0जी (सिरॅमिकचीच जास्त स्थिर जात) सहज मिळतो. तापमानाने सरकतो तो फार तर 30 पीपीएम (दशलक्षात 30 भाग) प्रति अंश. तोच घ्या.

प्रश्नकर्ता: आणि पॉलिप्रॉपिलीन (प्लॅस्टिक फिल्मचा) कपॅसिटर?

उत्तर: झकास, फक्त जागा खातो.

आणखी एक: ऑपॅम्पच्या सप्लाय (वीज देणाऱ्या) पिनांपाशी मात्र ते एक्स7आर खुशाल वापरा. तिथे कसले एवढे लाड!