मदत हवी आहे: जपानी इंजिनाच्या मॉडेलला स्मोक डिफ्लेक्टर कसे बसवू?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात घरीच पितळेत १:८० मापाचं जपानी सी५७ हे वाफेचं इंजिन करतोय. बॉयलर झाला, चाकं फिरतात. अडलंय ते स्मोक डिफ्लेक्टरवर, म्हणजे चिमणीच्या दोन्ही अंगांना उभ्या असणाऱ्या पत्र्यांवर.

ज्यांनी हे पाहिले नसतील त्यांच्यासाठी: बॉयलर मोठा झाला तशी चिमणी आखूड होत गेली. इंजिन हलक्या दमावर पळत असलं की धूर बॉयलरला चिकटून मागं येतो आणि ड्रायव्हरला सिग्नल दिसेना होतो. हे पत्रे समोरचा वारा वर वळवतात, त्याच्याबरोबर धूरही उचलला जातो.

पण तऱ्हा किती! जर्मनीत आधी वॅग्नर पद्धतीचे भलेमोठे, थेट रनिंग बोर्डपर्यंत (बॉयलरच्या कडेनं जाणारी फळी) आलेले. मग विटे पद्धतीचे आखूड, खालून मोकळे. ब्रिटनच्या फ्लाइंग स्कॉट्समन इंजिनाला दुहेरी चिमणी बसवल्यावर धूर खाली रेंगाळायला लागला, म्हणून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन धर्तीचे पत्रे लावले. जपानात तर एकाच वर्गाची इंजिनं भागाप्रमाणं वेगळी दिसतात. एरवी पूर्ण पत्रा, पण क्युशू बेटावर, रेल्वेच्या मोजी विभागाच्या बऱ्याच इंजिनांना, विटेसारखा खालचा भाग नसलेला. मला क्युशूचाच हवाय. पूर्ण पत्र्यात सी५७ झापडं लावलेल्या टांग्याच्या घोड्यासारखं दिसतं, हे माझं मत.

तर अडचण अशी. पूर्ण पत्रा रनिंग बोर्डवर उभा राहतो, क्युशूचा मात्र बारीक पट्ट्यांवर अधांतरी. पत्रा ०.३ मिमीचा घेतलाय. गुजरीतल्या (इथल्या सराफ बाजारातल्या) ओळखीच्या कारागिराकडून डाग देऊन बघितला, तर पत्रा तापून वाकडा होतो आणि दुसरी पट्टी लावेपर्यंत पहिली सुटते. उद्यमनगरात लेझरनं पट्ट्यांसकट एकसंध कापून घ्यावा आणि पट्ट्या नुसत्या दुमडाव्यात का? की एपॉक्सी पुरेल? आणि दोन्हीकडची फट सारखी राहावी म्हणून जिग (तुकडे जागेवर धरून ठेवणारा साचा) कसला करता? ०.३ जाड वाटतोय, पण खऱ्या मापाला ८० नं भागलं तर हातात कागदच येतो.

जाता जाता आणखी एक. आपल्या भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूपी वाफेच्या इंजिनाला गोल नाक आणि त्यावर तारा, पण असले पत्रे नाहीत. मिरज-कोल्हापूर लाईन १९७१ ला ब्रॉडगेज व्हायच्या आधीच्या मीटरगेज इंजिनांनाही नव्हते, असं वडील छातीठोकपणे सांगतात. कुणाकडं त्या काळातला कोल्हापूर स्टेशनचा फोटो असेल तर इथं टाका की.