मदत हवी आहे: भावाच्या बायॉप्सीत 'आयडीएच निगेटिव्ह' आलंय

देवगडकर_७: मेंदूच्या गाठीचा रिपोर्ट काल मिळाला. 'आयडीएच१ आर१३२एच: निगेटिव्ह'. निगेटिव्ह म्हणजे चांगलंच ना? डॉक्टर सोमवारी भेटणार, घरात कोणाला झोप नाही. पटकन सांगा.

माडाखालचो: रे बाबा, वय किती, ग्रेड काय? ह्या सांगल्याशिवाय कोण काय सांगतलो?

पॅराफिन: निगेटिव्ह म्हणजे सुटलो, हा कोविडचा हिशोब. इथे उलटा. आयडीएच हे पेशीतलं एन्झाइम. त्याच्या जनुकात बदल असलेल्या ग्लायोमाचे, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींच्या गाठीचे, पेशंट सहसा जास्त वर्षं काढतात. वय सांगा.

रानमेवा: आमच्या मामेसासऱ्यांचं एलडीएच वाढलेलं. रोज सकाळी कोकमाचं आगळ दिलं, दोन महिन्यांत नॉर्मल.

पॅराफिन: काका, एलडीएच रक्तात बघतात. हे गाठीच्या तुकड्यावर.

रानमेवा: आगळानं कुणाचं वाईट झालेलं ऐकलं नाही.

देवगडकर_७: वय ३८, लिहायचं राहिलं. ग्रेड ३, पुढे प्रश्नचिन्ह. खाली 'एटीआरएक्स: लॉस' असंही आहे.

पॅराफिन: अहो, हेच तर महत्त्वाचं! त्या तपासणीत फक्त आर१३२एच हा एकच बदल दिसतो. बहुतेकांत तोच असतो, पण आयडीएच१चे बाकीचे आणि आयडीएच२चे बदल सुटतात. वय ५५च्या आत, त्यात एटीआरएक्स हे प्रथिन गाठीतून गेलेलं, म्हणजे सिक्वेन्सिंग, जनुक अक्षर-अक्षर वाचायची तपासणी, मागाच. बदल सापडला तर ग्लायोमाचाच एक प्रकार, अ‍ॅस्ट्रोसायटोमा. खरंच नसेल आणि टर्ट जनुकातला बदल पॉझिटिव्ह आला, तर सूक्ष्मदर्शकाखाली ग्रेड ३ दिसूनही २०२१च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात ते ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे सर्वांत आक्रमक ग्लायोमा, ग्रेड ४ ठरू शकतं.

खाडीपलीकडे: सोमवारच्या आधी माणसाला एवढं घाबरवायलाच हवं होतं? त्यापेक्षा एमजीएमटी करा. तेही एन्झाइमच, टेमोझोलोमाइड ही केमोची गोळी कितपत लागू पडेल याचा अंदाज येतो.

पॅराफिन: करा की. पण ग्रेड त्यावर ठरत नाही, आणि विचारलंय ते आयडीएचचं.

माडाखालचो: परेलाक टाटात दाखवूचा असात तर कणकवलीसून तुतारी एक्सप्रेस धरा, दादराक उतरा.

खाडीपलीकडे: तुतारीत जागा मिळते का कधी? त्यापेक्षा गोव्याचं बांबोळी हॉस्पिटल जवळ.

पॅराफिन: कुठेही जा, स्लाइड आणि गाठीचा तुकडा ठेवलेला मेणाचा ब्लॉक मागून घ्या, नंबर रिपोर्टशी जुळवा. उन्हात गाडीत ठेवू नका.

देवगडकर_७: लॅबला फोन केला. ब्लॉक देतो म्हणाले, पण पेशंटच्या सहीचं पत्र हवं. ऑपरेशननंतर भावाचा उजवा हात उचलत नाही. अंगठा चालेल का?