'कळा देणे', 'जोर करणे' की 'कुंथणे'? पहिलटकरणीला नेमकं काय सांगायचं?

प्रश्न

गरोदर बायकांच्या वर्गात वाटायला मी एक छोटं माहितीपत्रक लिहिते आहे, मुख्यतः पहिलटकरणींसाठी. गर्भपिशवीचं तोंड पूर्ण म्हणजे १० सेंटिमीटर उघडल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंतच्या टप्प्याशी येऊन अडले आहे. त्या वेळी बाई जे करते त्याला आपल्याकडे 'कळा देणे', 'जोर करणे' (किंवा 'लावणे') आणि 'कुंथणे' असे शब्द ऐकू येतात. दवाखान्यात तर 'पुश कर' सर्रास चालतं. हे सगळे एकाच अर्थाचे आहेत का? आणि जिने हे कधी अनुभवलेलं नाही, तिला वाचून काही उमगेल असा यातला कोणता? 'कुंथणे' लिहिलं तर लोक नाक मुरडतील, असं घरच्यांचं म्हणणं पडलं.

लेबर रूममधली परिचारिका

एकाच अर्थाचे अजिबात नाहीत. कळ गर्भपिशवीची. ती येते आणि जाते, बाईच्या हातात काही नसतं. जोर मात्र पोटाच्या स्नायूंचा, आणि तो कळेवरच करायचा. म्हणून आम्ही सांगतो, "कळ आली की जोर कर, गेली की अंग सैल सोड." 'कळा देणे' हा मोठ्या बायकांचा शब्द, त्यात दोन्ही मिसळलेलं आहे. "रात्रभर कळा देत होती" म्हणजे नुसत्या सोसत होती, असाही अर्थ होतो. गप्पांमध्ये चालेल, पत्रकात घोळ होईल.

'जोर कर' मध्ये वेगळी अडचण आहे. जोर कुठे करायचा ते त्यात नाही. नवखी मुलगी हा शब्द ऐकून काय करते, ते मी रोज बघते. दात आवळते, मानेच्या शिरा ताणते, टेबलाच्या कडा गच्च धरते, चेहरा लालबुंद होतो, घशातून आवाज निघतो. सगळा जोर गळ्याच्या वर. खाली मांड्या आणि बैठक घट्ट आवळलेली. मग आम्ही म्हणतो, "घशात नको गं, खाली! संडासला बसल्यावर करतेस तसा." एवढं कानावर पडलं की बहुतेकींचा जोर जागच्या जागी बदलतो. आणि संडासला बसल्यावर करतो त्यालाच तर कुंथणं म्हणतात! त्या शब्दात जागाही आली आणि दिशाही आली. माझं मत 'कुंथणे'ला.

आणखी एक, हे पत्रकात जरूर घ्या. बाळाचं डोकं खाली उतरलं की गुदाशयावर दाबतं. त्यामुळे संडासला लागल्यासारखं वाटतं, आणि ते अगदी जोरात वाटतं. "सिस्टर, मला जायचंय" असं कुणी म्हणालं की आम्ही लगेच तपासतो, कारण बाळ खाली आल्याची ती मोठी खूण आहे. पुष्कळ मुली लाजेने ती भावना दाबून धरतात आणि तिथेच वेळ जातो. जोर करताना थोडी शी झाली तर आम्ही पुसून घेतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, हे त्यांना आधीच कळायला हवं.

पहिलं बाळंतपण नुकतंच झालेली

सिस्टरांशी सहमत, पण 'करणे' या क्रियापदाबद्दल मला बोलायचं आहे. शेवटी शेवटी मी काही करत नव्हते. मला जोर *येत* होता. उलटीच्या आधी उमासा येतो ना, आपण थांबवू म्हटलं तरी थांबत नाही, तसाच, फक्त खालच्या दिशेने. एका कळेत असे तीन-चार उमासे यायचे आणि माझ्या तोंडून म्हशीसारखा आवाज निघायचा, जो माझा आहे हे मला पटत नव्हतं. आधीच्या नुसत्या कळांपेक्षा मला हे बरं वाटलं. दुखत होतंच, पण त्या दुखण्याला काहीतरी काम मिळालं होतं. सगळ्यांना असं वाटतं असं नाही. माझ्या चुलत बहिणीला हाच भाग सर्वात कठीण गेला.

दोन कळांच्या मधल्या वेळाबद्दल कुणीच सांगत नाही. मी त्या दोन-तीन मिनिटांत चक्क डुलकी घेत होते. आई कपाळ पुसायची, पाण्याचा घोट द्यायची, की पुन्हा कळ. आणि डोकं कळेबरोबर पुढे येतं, कळ ओसरली की थोडं मागे सरकतं. मला ते जाणवत होतं आणि सगळे कष्ट वाया गेले असं वाटून रडू येत होतं. पहिल्या खेपेला असंच होतं, दर वेळी थोडं थोडं पुढे राहतं, हे आधी ठाऊक असतं तर धीर टिकला असता.

डोकं बाहेर पडायच्या बेताला मात्र जी आग होते ती वेगळीच. चरचरून जळाल्यासारखं, गोल कडेने. नेमकं तेव्हाच डॉक्टर म्हणाल्या, "आता जोर नको, फू-फू कर." येणारा जोर सोडून देणं हे लावण्यापेक्षा अवघड होतं. मग डोकं, मग खांदे, आणि उरलेलं बाळ सळकन, गरम आणि बुळबुळीत.

आयुर्वेदाचा अध्यापक

'कुंथणे' असभ्य वाटतो म्हणणाऱ्यांसाठी. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, प्रसववेदनेला 'आवी' म्हटलं आहे आणि जोर करण्याला 'प्रवाहण'. याच 'प्रवाहण'वरून 'प्रवाहिका' हे रोगाचं नाव आलं, ज्यात माणूस शौचाला बसून कुंथत राहतो. म्हणजे जुन्या वैद्यांनीही दोन्हीकडे एकच शब्द वापरला, त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्याच ठिकाणी बाळंतिणीला सूचना आहे, की आवी आलेली नसताना प्रवाहण करू नकोस, ते व्यर्थ जातं. दाखला शिंक, ढेकर, मल-मूत्राचा दिला आहे. वेग आलेला नसताना हे बळेबळे काढता येत नाहीत. पुढे, आधी हळूहळू आणि मग अधिक बळाने, असा क्रम आहे. वर ताईंनी 'जोर येतो' म्हटलं ते याच्याशी फार जुळतं.

प्रसूतितज्ज्ञ

'जोर येतो' हेच पत्रकाच्या मध्यभागी ठेवा, अशी माझी कळकळीची विनंती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनातही बाईला तिच्या स्वतःच्या प्रेरणेनुसार जोर करू द्यावा असंच आहे. श्वास कोंडून दहा आकडे मोजायला लावणं आपल्याकडे अंगवळणी पडलंय, त्याची सरसकट गरज नसते. आणि बाळ उतरावं म्हणून वरून पोट दाबू नये, हेही त्यात स्पष्ट आहे. पहिलटकरणीला हा टप्पा साधारण तीन तासांपर्यंत चालू शकतो, दुसरेपणाला सहसा दोनच्या आत. हे आकडे लिहा, नाहीतर अर्ध्या तासातच "माझ्याच्याने होत नाही" सुरू होतं.

दोन गोष्टींची भर. तोंड पूर्ण उघडण्याआधीही कुणाला जोर येतो. तेव्हा तपासून घेतल्याशिवाय कुंथायचं नाही. आणि मणक्यातून वेदनाशामक घेतलं असेल तर ही प्रेरणा बोथट होते, कधी जाणवतच नाही. तिथे थोडं थांबून, हाताने पोटाची कळ ओळखून सांगावं लागतं. "तुला जोर येईलच" असं छापलंत तर ती मुलगी आपलंच काही चुकलं असं समजेल.

प्रश्न विचारणारी

सर्वांचे मनापासून आभार. आत्ताचा मसुदा असा:

"गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडल्यावर बाळ खाली सरकतं आणि संडासला जोरात लागल्यासारखं वाटतं. बहुतेकींना कळेबरोबर आपोआप जोर येतो. तो दाबू नका, लाजू नका. तोंड उघडल्याचं सिस्टरांनी सांगितलं की कळेवर कुंथा, घशात नाही तर खाली. मांड्या सैल ठेवा. कळ गेली की विसावा घ्या. डोकं पुढे येऊन मागे जातं, ते ठीक आहे. शेवटी आग होईल, तेव्हा 'थांब' म्हटलं की तोंडाने फू-फू श्वास सोडा."

पाठीवर झोपण्याबद्दल लिहू का?

लेबर रूममधली परिचारिका

लिहा की. कुशीवर, उकिडवं, हातापायांवर ओणवं, जसं जमेल तसं चालतं, फक्त आधी विचारून ठेवायला सांगा. आणि 'मांड्या सैल ठेवा' हे 'कुंथा'च्या आधी घ्या. मुली पहिलं वाक्य वाचतात आणि तेवढंच करतात.